डिटेक्टरवाल्याला रानात सोडण्याआधी हे वाचा



उन्हाळ कांदा निघाला, रानं मोकळी झाली, नांगरटी चालू आहेत. या दिवसांत मी इथं नांगरटीची खोली, ढेकळं तापवणं, शेणखत यावर लिहितो. ते पुढच्या वेळी. आज मातीबद्दलच लिहितोय, पण पिकाबद्दल नाही.

नांगरलेल्या रानात मेटल डिटेक्टर फिरवायला परवानगी मागणारे लोक आता खेड्यात यायला लागलेत. यंदा माझ्याही बांधावर दोघं आले. चांगली शिकलेली पोरं, बोलायला गोड. "काका, तुमच्या रानाला धक्का लावणार नाही, खड्डा परत बुजवू, जे मिळेल त्यातलं निम्मं तुमचं." मी नाही म्हटलं. शेजारचे म्हणाले, "नाही कशाला म्हणला? रान तुझं, सातबारा तुझा, फिरून गेले असते तर तुझं काय जात होतं?"

काय जातं, तेच सांगतो. आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. नुसती तोंडी परवानगी देऊन असल्या लोकांना रानात सोडू नका. ओळखीचा असला तरी नको, निम्मं देतो म्हणाला तरी नको. आणि सरकारलाही सांगायचंय, की दीडशे वर्षं जुन्या कायद्यावर हात ठेवून बसलात तर शेतकरी तुम्हाला काहीच कळवणार नाही.

आधी माती परीक्षणाचं उदाहरण घेऊ. आपण रानातून नमुना काढतो, सहा-सात ठिकाणची माती एकत्र करतो, पिशवीत भरतो. आत चिठ्ठी टाकतो. नाव, गट नंबर, खोली, मागचं पीक. ती चिठ्ठी विसरली तर काय होतं? प्रयोगशाळा सामू सांगेल, सेंद्रिय कर्ब सांगेल, स्फुरद-पालाश सांगेल. आकडे सगळे बरोबर. पण कुठल्या रानाचे? तो कागद चुलीत घालायच्या लायकीचा.

जुन्या नाण्याचं, मूर्तीचं, बाणाच्या टोकाचं तसंच आहे. ती वस्तू कुठं, किती खोलीवर, कशाच्या शेजारी, कुठल्या रंगाच्या मातीत होती, ही तिची चिठ्ठी. डिटेक्टरवाला वस्तू उचलतो आणि चिठ्ठी तिथंच फाडून टाकतो. मग ती वस्तू कपाटात ठेवा नाहीतर काचेत ठेवा, तिच्याकडून नवीन काही कळत नाही. पोरं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण ती जे करतात त्याचं नुकसान भरून येत नाही. पीक बुडालं तर पुढच्या हंगामात येतं. हे परत पेरता येत नाही.

ही माझ्या मनची गोष्ट नाही. आपल्याच महाराष्ट्रातली दोन उदाहरणं देतो.

पहिलं दायमाबादचं. श्रीरामपूर तालुका, प्रवरेच्या काठावर. १९७४ साली तिथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या. बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारही मिळून साठ किलोच्या वर वजन. आपल्या पूर्वजांच्या हातचं इतकं मोठं काम क्वचित सापडलंय. त्या गरीब माणसाने ते मोडीत घातलं नाही, म्हणून आज संग्रहालयात आहे. पण या वस्तू शास्त्रशुद्ध खोदकामात, थरातून निघालेल्या नाहीत. म्हणून आज इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या वयावर वाद आहे. काही तज्ज्ञ म्हणतात हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या काळातल्या, चार हजार वर्षांच्या आसपासच्या. काही जण धातूतल्या अर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेतात. पुढे त्याच गावात पुरातत्त्वाच्या लोकांनी थर मोजत खोदकाम केलं आणि तिथल्या वस्तीची पुष्कळ माहिती मिळाली. पण त्या चार वस्तूंची चिठ्ठी काही परत मिळाली नाही. एवढी मोठी गोष्ट, आणि ती किती जुनी हे छातीठोक सांगता येत नाही.

दुसरं जोगलथेंबीचं, नाशिक जिल्ह्यातलं. १९०६ साली तिथं चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपान क्षत्रपाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा परत मारलेला. एका राजाने दुसऱ्याला हरवलं आणि त्याचाच पैसा आपल्या नावाने चालवला, हे त्या ढिगाने दाखवून दिलं. समजा, तो साठा सापडल्याबरोबर दहा-वीस जणांनी मुठी मुठी वाटून घेतला असता. एखादं नाणं हौशी माणसाकडे, एखादं सोनाराच्या मुशीत. मग तेरा हजारांत नऊ हजार ठसे बदललेले, हा हिशोब कुणी मांडला असता? एका नाण्यावरून एवढं कळत नाही. सबंध साठा जागच्या जागी हाती आला तरच कळतं.

आता आपल्या पट्ट्यात या. चाकणचा संग्रामदुर्ग आपण सगळ्यांनी पाहिलाय. १६६० साली शाहिस्तेखानाने त्याला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी तो भुईकोट ५६ दिवस झुंजवला. एवढी मोठी फौज किल्ल्याच्या भिंतीला चिकटून थोडीच बसली असेल? माणसं, घोडी, बैल, तोफा, बाजारबुणगे, सगळ्यांना पाणी लागतं, वैरण लागते. छावणी कुठवर पसरली, तोफा कुठून डागल्या, हे बखरी नीट सांगत नाहीत. ते सांगतील शिशाच्या गोळ्या, घोड्याच्या नाला, तुटके खिळे. एक गोळी म्हणजे काहीच नाही, भंगारात तिला किंमत नाही. पण कुठल्या गटात किती पडल्या याचा नकाशा मांडला तर लढाईच समोर उभी राहते. डिटेक्टरवाला नेमकं तेच वेचून नेतो आणि कुठं मिळालं ते लिहीत नाही. लिहिलंच तर मोबाईलच्या व्हिडिओवर "सीक्रेट लोकेशन" म्हणून लिहितो!

आता परवानगीच्या बाजूने जे बोललं जातं ते एकेक घेतो.

पहिलं म्हणणं: रान माझं, तर त्यातलं सगळं माझं.

नाही. भारतीय निखात निधी कायदा आहे, १८७८ सालचा, इंग्रजांच्या वेळचा, आजही चालू. जमिनीत दडलेली कुठलीही किमती वस्तू म्हणजे निधी. तिची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचं. काय सापडलं, कुठं, किती, कोणत्या तारखेला. आणि ती वस्तू सरकारी तिजोरीत जमा करायची नाहीतर तारण द्यायचं. मग कलेक्टर जाहीर नोटीस काढतो, दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देतो. कुणाचा पूर्वीचा हक्क निघाला नाही तर वाटणी होते.

ती वाटणी कशी ते नीट वाचा. सापडणारा आणि जमीनमालक यांच्यात आधी करार असेल तर त्याप्रमाणे. करार नसेल तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला! म्हणजे तुम्ही बांधावर उभं राहून "जा बाबा, फीर" म्हणालात, तर कायद्याने बारा आणे त्याचे, चार आणे तुमचे. "निम्मं तुमचं" हे तोंडी बोलणं तुम्ही उद्या कलेक्टरसमोर कशावर सिद्ध करणार?

आणि त्याने कळवलंच नाही तर? त्याचा हिस्सा गेला आणि वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे लपवायला मालकाने साथ दिली असेल तर मालकाचाही हिस्सा जातो आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पोरं गाडीवर बसून निघून जातील. सातबारा तुमच्या नावावर आहे, तुम्ही कुठं जाणार?

शंभर वर्षांहून जुन्या नाण्या-मूर्तींना १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागतो. परवान्याशिवाय त्यांचा धंदा करता येत नाही, देशाबाहेर नेता येत नाहीत. "आम्ही परस्पर विकून देतो" म्हणणारा तुम्हाला कशात ओढतोय ते ओळखा.

लांब कशाला, इंद्रायणीच्या पलीकडे चिखलीत काय झालं ते आठवा. बांधकामाच्या खोदाईत मजुरांना सोन्याची नाणी मिळाली. मार्च २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी ती जप्त केली. २१६ नाणी, दोन किलो तीनशे सत्तावन्न ग्रॅम, १७२० ते १७५० च्या दरम्यानची म्हणून सांगितली गेली. गरीब माणसाला घबाड मिळालं आणि त्याच्या दारात आली पोलिसांची गाडी. त्याला कुणी आधी सांगितलं असतं, की बाबा कळव, तुझा हिस्सा कायद्याने तुझा आहे, तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती. आणि नाणी जिथून निघाली ती जागा? ती बांधकामाची खोदाई. तिथले थर वाचायचे कुणी आणि कधी?

दुसरं म्हणणं: नाहीतरी नांगराने मोडतंच, जेसीबीने जातंच. मग हौशी माणसाने वाचवलं तर बिघडलं कुठं?

या म्हणण्यात दम आहे, म्हणून सरळ उत्तर देतो. लाकडी नांगर पाच-सहा इंच जायचा, ट्रॅक्टरचा पलटी नांगर फूटभर आणि त्याखालीही जातो. रोटाव्हेटर खापरांचा भुगा करतो. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराईड असतं, ते तांब्या-काशाला खातं. हे सगळं खरं आहे. पण नांगराने वरच्या थरात आलेली वस्तू बहुतेक वेळा मूळ जागेपासून फार लांब गेलेली नसते. त्या गटात, त्या कोपऱ्यात आहे, एवढीही नोंद कामाची असते. आणि नांगराच्या तासाखालची माती अजून जशीच्या तशी आहे. डिटेक्टर वाजला की माणूस तिथं थांबत नाही, तो खाली खणत जातो. म्हणजे नांगराने जे राखलं ते तो मोडतो. वाचवायचंच असेल तर नोंद करून वाचवा. नोंद नाही तिथं वाचवणंही नाही.

जेसीबीचं मात्र मी कुणाला माफ करणार नाही. गोदामांसाठी, प्लॉटिंगसाठी, कंपन्यांसाठी आपल्या पट्ट्यात जेवढी माती उपसली गेली तेवढी शंभर डिटेक्टरवाले जन्मभर खणले तरी निघायची नाही. मुरूम गेला, काळी माती गेली, जुन्या पांढरी गेल्या. पांढरीची माती म्हणजे शेकडो वर्षांची राख, शेण, हाडं, चुली. तिच्यात स्फुरद जास्त असतो, म्हणून जुनी माणसं ती खत म्हणून रानात टाकत. म्हणजे पांढर कुठं होती हे माती परीक्षणातूनही कळू शकतं. पण एक जण घर लुटतोय म्हणून दुसऱ्याला दार उघडून द्यायचं, हा कुठला न्याय?

तिसरं म्हणणं: इंग्लंडात चालतं, मग इथं का नाही?

चालतं, पण कसं चालतं ते पूर्ण सांगा. १९९२ साली तिथं हॉक्सन गावात एका शेतकऱ्याचा हातोडा रानात हरवला. तो शोधायला त्याने डिटेक्टरवाल्या मित्राला बोलावलं. हातोड्याच्या जागी रोमन काळातली नाणी आणि चांदीचे चमचे लागले. त्या माणसाने थोडं काढलं आणि खोदणं थांबवलं, कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वाचे लोक आले आणि सबंध साठा जागेवरून मोजून काढला. पंधरा हजारांच्या आसपास नाणी निघाली. पेटीत काय कुठं रचलं होतं तेही कळलं, कारण वेळेत थांबला. सरकारने पूर्ण किंमत दिली, साडेसतरा लाख पौंड, आणि त्याने शेतकऱ्यालाही त्यात वाटा दिला. हरवलेला हातोडाही सापडला, तोही संग्रहालयाने ठेवून घेतला.

पुढे १९९६ साली तिथं नवा कायदा झाला. निधी सापडला तर चौदा दिवसांत कळवायचं. मालकाची परवानगी लागतेच, पण संरक्षित जागेवर मालकाच्या परवानगीनेही डिटेक्टर चालत नाही. १९९७ पासून जिल्ह्या-जिल्ह्यात नोंद घेणारा माणूस बसवला. शेतकरी किंवा हौशी माणूस वस्तू घेऊन जातो, तो जागा, फोटो, वजन लिहून घेतो आणि साधी वस्तू परत देतो. अशा दहा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली. २००९ साली स्टॅफर्डशायरमध्ये एका शेतात सोन्याचा मोठा साठा निघाला, त्याची किंमत सापडणाऱ्याला आणि शेतकऱ्याला निम्मी-निम्मी मिळाली.

म्हणजे तिथं डिटेक्टरच्या मागं कायदा आहे, माणूस आहे, वही आहे, मोबदला आहे. इथं यातलं काही नाही. नुसतं मशीन तिकडून आणायचं आणि बाकी सगळं तिकडंच सोडायचं, याला हौस म्हणत नाहीत.

चौथं म्हणणं कुणी मोठ्याने बोलत नाही, पण खरं कारण तेच आहे. सरकारला कळवलं तर जमीन अडकेल. आपल्या भागातले जमिनीचे भाव बघता ही भीती मी समजू शकतो. पण खरं काय ते पाहा. शंभर मीटरवर बांधकाम बंद आणि पुढच्या दोनशे मीटरवर परवानगी, हा नियम केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकांना आहे. रानात चार नाणी सापडली म्हणून रान संरक्षित होत नाही. त्यासाठी अधिसूचना काढावी लागते, हरकतींना दोन महिन्यांची मुदत द्यावी लागते. हे गावोगाव येऊन सांगायचं काम सरकारचं होतं. ते केलं नाही, म्हणून बाहेर निघालेली वस्तू सोनाराकडे जाते नाहीतर भंगारात.

आता सरकारला.

दहा रुपयांची मर्यादा १८७८ ची. तेव्हा दहा रुपयांत काय यायचं आणि आज काय येतं? चहा-वडापावलाही पुरत नाहीत. सरकारने वस्तू ठेवून घ्यायची ठरवली तर मोबदला किती? त्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. म्हणजे तांब्याचं नाणं दोन हजार वर्षांचं असलं तरी तांब्याच्या भावाने. आणि मालकाला करार नसेल तर चार आणेच. असल्या हिशोबावर कोण प्रामाणिक राहील? बाजार समितीत कांदा असा वजनाने नेला, तर आपण आंदोलन करतो.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

१. प्रत्येक तालुक्यात नोंद घेणारा एक माणूस द्या. आमच्यासाठी तो राजगुरुनगरला बसवा.
२. कळवल्यापासून ठराविक दिवसांत येऊन पंचनामा करा. पेरणी अडली तर त्या हंगामाची भरपाई द्या.
३. मालकाचा वाटा निम्मा करा आणि मोबदला वस्तूच्या खऱ्या किमतीवर द्या.
४. औद्योगिक पट्ट्यात मोठी खोदाई करण्याआधी जाणकाराने ती जमीन एकदा चालून बघावी, असा नियम करा.

आणि आपण शेतकऱ्यांनी काय करायचं?

नांगराला काही लागलं, तर औत थांबवा. आहे तिथंच ठेवा, घासू नका, धुऊ नका, लिंबू-चिंच लावू नका. शेजारी मोबाईल किंवा खुरपं ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. गट नंबर, खोली, तारीख लिहा, मोबाईलवर जागेची खूण करा. पोलीस पाटील, तलाठी आणि तहसीलदारांना कळवा. कलेक्टरच्या नावाने लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच हेच तुमचं संरक्षण. पुण्यात राज्य पुरातत्त्व खात्याची माणसं आहेत, डेक्कन कॉलेज आहे. आपल्याच जिल्ह्यात इनामगावला त्याच कॉलेजने कित्येक वर्षं खोदकाम केलंय. घोडनदीच्या काठच्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, धान्याची पेवं, त्यांनी पिकवलेली जव-कडधान्यं तिथं कळली. जळून काळे पडलेले ते दाणे होते. ते कुठल्याही डिटेक्टरला वाजले नसते.

गुप्तधन काढून देतो म्हणणारा भोंदू आला तर त्याला दारातूनच हाकला. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेले अघोरी प्रकार गुन्हा आहेत. भोंदूच्या हातात लिंबू असतो आणि डिटेक्टरवाल्याच्या हातात मशीन, पण दोघांनाही तुमच्या रानातून काहीतरी न्यायचंय.

कृषी सहायक आणि माती परीक्षणवाल्या मित्रांनाही एक विनंती. तुम्ही आमच्यापेक्षा जास्त बांध फिरता. एखाद्या रानात खापरांचा सडा दिसला, काळ्या रानात मधेच राखाडी पट्टा दिसला, स्फुरद एकदम वर गेला, तर मालकाला विचारून गट नंबरासह टिपून ठेवा. वहीच्या त्या एका ओळीला पुढे मोल येईल.

आणि ज्या पोरांना खरंच इतिहासाची ओढ आहे, त्यांनी मशीन घरी ठेवून यावं. नांगरटीनंतर पहिला पाऊस झाला की खापरं धुऊन वर येतात. माझ्या बांधावरून चालत जा, डोळ्याने बघा, वहीत लिहा, फोटो काढा, उचलू नका. चहा मी पाजतो.

पटलं तर गावच्या ग्रुपवर पुढे पाठवा. पटलं नसेल तर का नाही पटलं ते सांगा, मी उत्तर देईन. पुढच्या वेळी नांगरटीची खोली आणि हुमणी.

राम राम.